खुर्ची जुनी, पाटी नवी

लोहारा यवतमाळला लागूनच आहे, दारव्हा रोडवर. बाहेरच्या माणसाला ते माहीत असतं ते एमआयडीसीमुळे. काही वर्षांपूर्वीच्या हद्दवाढीत वाघापूर, वडगाव, उमरसरा, मोहा, भोसा, पिंपळगाव यांच्यासोबत लोहाराही यवतमाळ नगरपरिषदेत गेलं. लोक बोलले ते घरपट्टीबद्दल. आता सरपंच जाणार आणि नगरसेवक येणार, त्याबद्दलही बोलले. झाडांचं कुणी काही बोललं नाही. पण त्या हद्दवाढीनं लोहाऱ्यातल्या झाडांचाही कायदा बदलून टाकला होता.

खेड्यातल्या झाडांना लागू होतो तो १९६४चा वृक्षतोड विनियमन कायदा. त्यात साग, मोह, आंबा, चिंच अशा ठरावीक जातींची यादी आहे. शहराला लागू होतो १९७५चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा कायदा. त्यानुसार पालिकेला वृक्ष प्राधिकरण नेमावं लागतं, एक वृक्ष अधिकारी ठेवावा लागतो आणि दर पाच वर्षांनी झाडं मोजावी लागतात. म्हणजे घरामागचा कडुनिंब पाडायचा तर आता पालिकेत अर्ज करायचा.

तो अर्ज कुणाच्या टेबलावर जातो, या एका प्रश्नापासून मी वाचायला लागलो. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्या क्षेत्रात हल्ली बऱ्याच कंपन्यांत ‘सस्टेनेबिलिटी’ची वेगळी टीम असते, तिचा वेगळा प्रमुख असतो आणि वर्षाकाठी एक गुळगुळीत अहवाल निघतो. यवतमाळसारख्या नगरपरिषदेत या नावाची पाटी शोधली तर सापडत नाही. काम मात्र सगळं होतं. ते आरोग्य विभागात होतं, स्वच्छता निरीक्षकाकडे होतं, मुकादमाच्या हजेरीच्या वहीत होतं. वृक्ष अधिकारी हा तर छोट्या शहरांत बहुतेक वेळा अतिरिक्त कार्यभारच असतो. ही जी मंडळी आहेत, त्यांच्या खुर्चीचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. त्याच सुमाराला डॉ. थॉमस हेवलेट आरोग्य अधिकारी म्हणून आले. कापसाच्या तेजीत शहर बेसुमार फुगलं होतं, गटारं तुंबली होती, साथी येत होत्या. क्रॉफर्डनं पाण्यासारखा पैसा खर्च केला, टीका ओढवून घेतली आणि काही वर्षांत त्याला जावं लागलं. त्याच्या नावाचं मार्केट राहिलं, आणि शहराच्या घाणीसाठी पगारी अधिकारी असावा ही कल्पनाही राहिली. पुढे १८८८च्या मुंबई महापालिका कायद्यात मैला उचलण्यासाठी जो कर बसवला, त्याचं नाव होतं ‘हलालखोर कर’. हलालखोर म्हणजे कष्टाचं, हलालाचं खाणारा. फारसीतून आलेला हा शब्द मैला वाहणाऱ्या माणसांसाठी होता, आणि कायद्यानं तो तसाच उचलला. इंग्रजांनी कायदा लिहिला, पण काम कुणी करायचं ते जातीनं आधीच ठरवून ठेवलं होतं.

यवतमाळमध्ये पालिका पहिल्यांदा स्थापन झाली १८६९ साली. ती लवकरच गुंडाळली गेली आणि १८९४ मध्ये पुन्हा उभी राहिली. तेव्हा या जिल्ह्याला यवतमाळ जिल्हा म्हणतही नसत. तो वणी जिल्हा होता, १९०५ मध्ये नाव बदललं. वऱ्हाडातल्या पालिका नंतर १९२२च्या मध्य प्रांत नगरपालिका कायद्यावर चालल्या आणि १९६५ मध्ये महाराष्ट्राचा नगरपरिषदांचा कायदा आला. राज्यं बदलली, प्रांत बदलले, पण पहाटे रस्त्यावर येणारा माणूस आणि त्याची हजेरी घेणारा मुकादम ही जोडी प्रत्येक कायद्यात टिकून राहिली.

इथे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. गहुलीचे वसंतराव नाईक १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष झाले. राजकारणातली त्यांची ही पहिली मोठी खुर्ची, आणि ती पालिकेची होती. ते १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. हरितक्रांतीसाठी त्यांची आठवण सगळे काढतात. पण त्यांच्याच काळात, १९६९ मध्ये, महाराष्ट्रानं जलप्रदूषण रोखण्याचा स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केलं. केंद्राचा जलप्रदूषण कायदा आला १९७४ मध्ये. ‘पर्यावरण’ हा शब्द अजून शाळेच्या पुस्तकात नीट रुळला नव्हता, त्याआधीच महाराष्ट्रात त्याचं सरकारी ऑफिस उघडलं होतं. मला हे खूप उशिरा कळलं, आणि यवतमाळ जिल्ह्यात हे पोराबाळांना का सांगत नाहीत असा प्रश्न पडतो.

त्याच दशकातली दुसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. सफाई कामगारांच्या प्रश्नावर लाड आणि पागे यांच्या नावानं ओळखली जाणारी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींमधून वारसा हक्क आला: सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला, तर त्याच्या वारसाला नोकरी. ज्या घरात दुसरी कुठलीच पगाराची वाट नव्हती, तिथे हा फार मोठा आधार होता. पर्मनंट नोकरी, पेन्शन, पोरांची फी. पण याच नियमामुळे झाडू बापाकडून मुलाकडे गेला. मुलगा बीए झाला तरी पहिली ऑर्डर सफाई कामगाराचीच. या नियमाला मी सरळ चांगलं किंवा वाईट म्हणू शकत नाही. कायम नोकरी की जातीतून सुटका, यातलं एकच मिळेल असं ज्याला सांगितलं गेलं नाही, त्यानं ‘वारसा हक्क रद्द करा’ म्हणणं फार सोपं आहे.

१९९३ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. हातानं मैला वाहण्याची प्रथा बंद करणारा केंद्राचा पहिला कायदा आला, आणि ७४वी घटनादुरुस्ती अंमलात आली. या दुरुस्तीनं घटनेला बारावी अनुसूची जोडली. त्यात शहरांनी करायची १८ कामं आहेत. सहावं काम सफाई आणि घनकचरा. आठवं नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचं संरक्षण. म्हणजे पर्यावरण सांभाळणं हे पालिकेचं काम आहे, असं थेट घटनेतच लिहिलं गेलं. महानगरपालिकांच्या आयुक्तांवर दरवर्षी पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवण्याची जबाबदारी आली. हवा, पाणी, आवाज, झाडं यांचे आकडे पहिल्यांदा एका जागी गोळा व्हायला लागले.

कचऱ्याचे नियम मात्र सरकारला आपणहून सुचले नाहीत. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल या इंजिनिअर बाईंनी सुप्रीम कोर्टात याचिका केली. त्यातून २००० साली घनकचऱ्याचे देशभरासाठी नियम आले, आणि ते २०१६ मध्ये बदलले. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, घातक वेगळा, ही वाक्यं घंटागाडीच्या भोंग्यावरून आपल्याला पाठ झाली आहेत, ती या नियमांमधली. २०१६च्या नियमांत आणखी एक बदल होता आणि तो मला सर्वात मोठा वाटतो: कचरावेचकांना व्यवस्थेचा भाग म्हणून मान्यता मिळाली. यामागे पुण्याची बरीच मेहनत होती. तिथे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला. ज्या बायकांना सोसायटीचा वॉचमन हाकलत होता, त्या आता ओळखपत्र गळ्यात घालून दारात आल्या.

यवतमाळला पर्यावरण शिकवलं ते २०१८च्या उन्हाळ्यानं. निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली. नळाला पाणी कधी येणार याची वाट बघण्यात दिवसच्या दिवस जायचे, रस्त्यारस्त्यावर टँकरपुढे ड्रमची रांग लागायची. यवतमाळचा पाणीपुरवठा जीवन प्राधिकरणाकडे आहे, नगरपरिषदेकडे नाही. पण लोकांच्या शिव्या खाल्ल्या दोघांनी, कारण तहानलेल्या माणसाला खातं कुठलं हे विचारायची सवड नसते. बेंबळा धरणातून पाणी आणायच्या योजनेबद्दल त्या वर्षी शहरातला रिक्षावालासुद्धा तज्ज्ञासारखा बोलायचा.

२०२० मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द जोडले गेले आणि २ ऑक्टोबरला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी त्याची पाच अंगं. झाडं किती लावली, कचरा किती वेगळा केला, विहिरी आणि तळी किती साफ केली, सौर दिवे किती, शपथ किती जणांनी घेतली, सगळ्याला गुण. मार्च २०२२ मध्ये मुंबईनं वातावरण कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ सालचं शहराचं उत्सर्जन मोजलेलं आहे: सुमारे २.३ कोटी टन, आणि त्यातला जवळपास ७१ टक्के भाग ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा. २०५०पर्यंत ते निव्वळ शून्यावर आणायचं लक्ष्य आहे, देशाच्या लक्ष्याच्या २० वर्षं आधी. मुंबईत आता यासाठी स्वतंत्र विभाग आहे, वेगळी माणसं आहेत, अर्थसंकल्पाचाही हवामानाच्या नजरेतून हिशेब होतो.

नगरपरिषदेत हाच पसारा दोन-तीन माणसं पेलतात. सकाळी सहाला प्रभागात फिरून हजेरी बघायची, दुपारी तक्रारी, संध्याकाळी पोर्टलवर पुरावे चढवायचे. स्वच्छ भारत अभियानापासून ‘शहर समन्वयक’ नावाची एक नवी जात तयार झाली आहे. इंजिनिअरिंग झालेली, कंत्राटावर नेमलेली, एक्सेल आणि प्रेझेंटेशन येणारी माझ्याच वयाची मुलं. तीच डिग्री, तोच लॅपटॉप, पगार मात्र वेगळा आणि ऑर्डर ठरावीक महिन्यांची. क्रॉफर्डच्या काळात खालचा माणूस बदलला जायचा आणि वरचा साहेब टिकायचा असं वाटतं, पण पालिकेत उलटं आहे. मुख्याधिकारी बदली होऊन जातात, समन्वयकाचं कंत्राट संपतं, आणि गल्लीतली कुठली नाली पहिल्या पावसात तुंबते हे ज्याला तोंडपाठ असतं तो मुकादम तिथेच असतो. तो निवृत्त झाला की ती माहिती त्याच्यासोबत जाते. आमच्याकडे याला डॉक्युमेंटेशन नसलेला कोड म्हणतात, आणि रात्री दोनला सिस्टिम बंद पडली की त्याची किंमत कळते.

आता मुकादमाच्या हाताखालची माणसंही बहुतेक ठेकेदाराची असतात. वारसा हक्क आहे तो कायम कामगाराला. ठेकेदाराच्या माणसाला तो नाही. २०१३च्या कायद्यानं गटारात माणूस उतरवायला बंदी आली. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. रक्कम तिप्पट करावी लागली, कारण माणसं उतरवली जातच होती.

अभियानात नंबर आला तर बक्षीस नगरपरिषदेला मिळतं, फोटो पहिल्या पानावर येतो. लोहाऱ्यात एमआयडीसीच्या रस्त्यानं सकाळी गेलं तर हातगाडी ढकलणारी बाई दिसते. तिच्या हजेरीची नोंद ठेकेदाराच्या वहीत होते, आणि ती वही पोर्टलवर कुणी चढवत नाही.