फळ्यावरची पहिली चौकट

१९९९ साली विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात मी प्रकल्प व्यवस्थापन हा विषय घेतला. त्याचा इतिहास फार जुना नाही. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत बसवली. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ आली. कोणते काम रेंगाळले की सगळा प्रकल्प रेंगाळतो, हे या पद्धतींनी आधीच कळू लागले.

सरांनी उदाहरण घेतले कोकण रेल्वेचे. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. फळ्यावर पहिली चौकट काढली: भूसंपादन. खाली लिहिले, किती दिवस.

मला आमची कलमे आठवली. मी नववीत होतो. बाबांनी कागदावर सही केली ती स्वखुशीने, “पोरांना गाडी मिळेल” म्हणत. पण त्या रात्री ते जेवले नाहीत. ते कुठल्याच चौकटीत बसत नव्हते.

पुढे नोकरीत असे आराखडे मी पुष्कळ केले. पहिली चौकट भरण्याआधी मात्र त्या गावात जाऊन बसतो. मेळाव्याला तुमच्यातले बरेच जण त्याच गाडीने आलात. बाबा असते तर स्टेशनवर न्यायला आले असते.