मुक्या माराची पट्टी

पोळ्याच्या वीकांताला मामाकडे धाडला गेलो होतो. (धाड म्हणजे छापा नव्हे हो, बुलढाणा तालुक्यातलं, जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळचं गाव आहे.) आदल्या दिवशी खांदेमळणीच्या वेळी बैलाने मान झटकली आणि मामाला गोठ्याच्या खांबावर दाबलं. रक्ताचा थेंब नाही, पण मांडी तासाभरात काळीनिळी. "मुका मार हाय," मामी म्हणाली, "दिसत नाही पण दुखते." आणि सहाणेवर आंबेहळद उगाळायला बसली.

माझ्या सॅकमध्ये डायक्लोफेनॅकच्या पट्ट्या होत्या. दिवसभर खुर्चीत बसून मान धरणाऱ्या आमच्या जमातीकडे त्या असतातच. एक काढून दिली. मामाने ती उलटसुलट बघितली आणि विचारलं, "सुई नाही, भोक नाही, मग हे आत जातं कसं?"

मला उत्तर देता येईना! परत आल्यावर शोधायला बसलो, त्यात अख्खा रविवार गेला.

पहिलं उत्तर सापडलं ते सुश्रुतसंहितेत. तिथे लेपांचे तीन प्रकार सांगितलेत: प्रलेप, प्रदेह आणि आलेप. जाडी किती, तर म्हशीच्या ओल्या कातड्याइतकी. पुढे म्हटलंय की लेप केसांच्या उलट दिशेने लावावा, म्हणजे औषध रोमरंध्रांतून आणि घाम वाहणाऱ्या वाटांनी आत शिरतं. शिवाय वाळलेला लेप अंगावर ठेवू नये. मामाचा प्रश्न इतका जुना आहे तर!

वाळण्याची गोष्ट महत्त्वाची आहे. त्वचेचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर केसाहूनही पातळ असतो, पण खरा पहारेकरी तोच. तो ओला राहिला की सैल पडतो आणि औषधाला वाट देतो. आपल्याकडे लेपावर रुईचं किंवा एरंडाचं पान गरम करून बांधतात. मी ते आजवर नुसतं फडक्यासारखं समजत होतो. पण आजच्या पट्टीच्या पाठीला जो कापडाचा किंवा प्लास्टिकचा थर असतो, त्याचं निम्मं काम ते पान करत होतं. राहिलं काय, तर मोजमाप. सहाणेवर किती वळसे उगाळले, त्यातलं किती आत गेलं, हे मामीला कधीच सांगता आलं नसतं.

चिकटपट्टीवर औषध पसरवून विकणं हा एकोणिसाव्या शतकातला धंदा. अमेरिकेत १८८६ साली सुरू झालेल्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या सुरुवातीच्या मालात अशा औषधी पट्ट्या होत्या, बेलाडोनाच्या आणि चक्क मिरचीच्याही. आपल्याकडे कंबर धरली की बेलाडोना प्लास्टर लावणारी एक पिढी होऊन गेली. जपानमध्ये १९३४ साली सॅलोनपास आली. मुंबईत त्याआधीच, १८९३ मध्ये, नागेश्वर राव यांनी अमृतांजन काढलं होतं, पण तो बाम, बोटाने चोळायचा.

मिरचीवरून आठवलं. धाड-भोकरदन हा पट्टाच मिरचीचा. तोडणीला गेलेल्या बायकांना हाताची आग म्हणजे काय ते विचारा. ती आग नेमकी कुठल्या प्रथिनामुळे कळते हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना (अर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर) मिळालं. उष्णता कळवणारं प्रथिनही तेच. म्हणजे मिरचीची पट्टी मज्जातंतूंनाच चकवते. आपले बिब्ब्याचे चटके त्याच घराण्यातले, फक्त कातडी सोलून काढणारे. ते कृपया करू नका.

डायक्लोफेनॅकची तऱ्हा वेगळी. १९७३ साली स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी कंपनीत तयार झालेलं हे औषध सूज आणि वेदना वाढवणारी रसायनं शरीरात बनूच देत नाही. कातडीतून जायला रेणू साधारण ५०० डाल्टनपेक्षा लहान लागतो असा ठोकताळा आहे. हा ३०० च्या आतला. त्याची पट्टी १९९३ मध्ये स्वित्झर्लंडमध्येच आली आणि २००७ च्या जानेवारीत अमेरिकेत मंजूर झाली, ती नेमकी मुरगळणं, लचकणं आणि मुका मार यांसाठी. आकार १० बाय १४ सेंटिमीटर, औषध १८० मिलिग्रॅम, दर बारा तासांनी एक. तिच्या माहितीपत्रकानुसार रक्तात पोचणारं औषध ५० मिलिग्रॅमच्या एका गोळीच्या १ टक्क्याहूनही कमी असतं.

हा १ टक्का मला फार मोठा वाटतो. मामाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. दुखलं की दुकानातून गोळी आणायची किंवा सुई टोचून घ्यायची, ही त्याची आजवरची रीत. पोट आणि मूत्रपिंड त्याचं बिल भरतात.

आणि औषध लावलेल्या जागी थांबत नाही तेव्हा काय होतं, हे आपण बघितलंय. हेच डायक्लोफेनॅक गुराढोरांना सर्रास टोचलं जाई. ती मेली की गिधाडं खायची, आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये हे कारण छापून येईपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतातून जवळजवळ संपली होती. जनावरांसाठी बंदी आली २००६ मध्ये. माणसांच्या मोठ्या कुप्या तरी गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकारच ३ मिलिलिटरवर आणावा लागला. मामा म्हणतो, लहानपणी ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. माझ्या मामेभावाने एकही पाहिलेलं नाही.

असो. मंगळवारी मामाचा फोन आला. मांडी हिरवट-पिवळी झाली होती, म्हणजे उताराला लागली होती. पट्टीने की आंबेहळदीने, यावर नवराबायकोत वाद चालू होता.

"दोन पट्ट्या उरल्या रे," मामा म्हणाला. "ढवळ्याचा खांदा सुजलाय, त्याले लावू का?"

मी जवळजवळ ओरडलोच. नको मामा, डॉक्टरकडून मेलॉक्सिकॅम लिहून आण.