रंगाचे तुषार आणि जागेचा प्रश्न

वस्ती आणि कारखाना यांची जागा एकच असावी की वेगळी, हा प्रश्न कुंडलच्या परिसराला जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना आधी बेळगावला होता. ती जागा नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी झाली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ देऊ केला आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर, कडबा कापण्याची यंत्रे आणि पुढे लोखंडी फर्निचरही तेथे होऊ लागले. कारखान्याला माळ मिळाला. पण गावातला सुतार किंवा घरीच कपाट करणारा हौशी माणूस मात्र अंगणात, पडवीत किंवा बंद खोलीतच काम करत राहिला. फर्निचरवर रंगाचा शेवटचा हात देताना या फरकाला फार महत्त्व येते.

पूर्वी या कामाला वेगळी जागा लागत नसे. लोखंडावर तेलात कालवलेल्या शेंदराचा हात ब्रशने देत. लाकडाला जवसाचे तेल चोळत किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाखच, कापडाच्या बोळ्याने लावत. या पद्धती निर्धोक होत्या असे नाही. शेंदूर आणि जुना सफेदा ही दोन्ही शिशाची संयुगे आहेत. १९२१ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने इमारतींच्या आतील रंगकामात शिशाचा सफेदा वापरू नये असा करार केला, तो रंगाऱ्यांना होणाऱ्या विषबाधेमुळेच. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. तेल सुकताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते आणि निर्माण झालेली उष्णता ढिगात साठत जाते. तरीही हा धोका हात, डबा आणि चिंध्या यांच्यापुरता राही. रंग हवेत उडत नसे.

तो उडू लागला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील प्रचंड इमारती वेळेत रंगवण्यासाठी पंपाने रंग फवारण्यात आला. अमेरिकेतील टोलेडो गावचे डॉ. ॲलन डेव्हिल्बिस यांनी घशात औषध फवारण्याचे उपकरण बनवले होते. त्यांचे चिरंजीव थॉमस यांनी त्याच तत्त्वावर १९०७ मध्ये रंगाची स्प्रे गन तयार केली. १९२३ च्या सुमारास कापसापासून बनणाऱ्या नायट्रोसेल्युलोजचे झटपट सुकणारे रंग मोटारींसाठी आले. पूर्वी मोटारीचा रंग सुकायला आठवडे लागत, तेथे आता तास पुरू लागले. हे रंग ब्रशने नीट पसरण्याआधीच सुकू लागत. त्यामुळे स्प्रे गन ही त्यांची गरजच ठरली.

तुषारांनी नेमके काय बदलले, हे एका गणिताने पाहू. एक मिलिलिटर रंगाचा एकच गोल थेंब मानला तर त्याचे पृष्ठफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर भरते. त्याच रंगाचे ५० मायक्रॉन व्यासाचे तुषार केले तर त्यांची संख्या दीड कोटी होते आणि एकूण पृष्ठफळ १२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीचशे पट. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते. साहजिकच द्रावकाची वाफ झपाट्याने हवेत मिसळते. शिवाय साध्या स्प्रे गनमधून निघालेला निम्म्याहून अधिक रंग अनेकदा वस्तूवर बसतच नाही. त्यातले सर्वांत बारीक, दहा मायक्रॉनहून लहान कण हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर खोलवर जातात. थिनरमधील टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि हवेत तिचे प्रमाण एक टक्क्याच्या थोडे वर गेले की ठिणगीने पेटते.

कारखान्यांनी यावर उपाय म्हणून रंगाची जागाच यंत्रासारखी बांधली. तीन बाजूंनी बंद कक्ष, मागून हवा ओढणारा पंखा, काही ठिकाणी तुषार अडवणारा पाण्याचा पडदा. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने धूर व वाफ उगमाजवळच ओढून घेण्याची आणि पेट घेणाऱ्या वायूंपासून ठिणगी दूर ठेवण्याची सक्ती केली. पण तो कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, दहा किंवा अधिक कामगारांच्या जागेला लागू होता. दोन भाऊ आणि एक मदतनीस एवढ्यांची सुतारशाळा त्यात आली नाही. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसायच कर्करोगकारक ठरवला, तेव्हा तो इशारा या सुतारशाळेलाही तितकाच लागू होता. घरगुती रंगातील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा भारतीय नियम २०१७ पासून अमलात आला. त्याने रंगातले शिसे कमी झाले, द्रावकाची वाफ मात्र तशीच राहिली.

मग घरी जागा कशी निवडावी? कारखान्यातील कक्षाचे तत्त्व अंगणात आणावे. छप्पर असलेली पण बाजूंनी उघडी जागा उत्तम. डबा उघडण्यापूर्वी कागदाची पट्टी धरून वारा पाहावा. वारा आपल्याकडून वस्तूकडे जावा आणि पुढे घर, विहीर, गोठा किंवा मुले नसावीत. चूल, गॅस, विडी, विजेची बटणे दूर असावीत. तळघर किंवा खड्ड्याजवळची जागा टाळावी. बंद खोलीत साधा पंखा लावून वाफ बाहेर ओढणे धोक्याचे, कारण त्याच्या मोटारीत ठिणगी पडू शकते. तोंडावरचा रुमाल वाफ अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो. दोन डब्यांतील द्रव मिसळून वापरायचे पीयू रंग तर घरी फवारूच नयेत. त्यांतील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो.

एवढी जागा नसेल तर? शाळेतील चार बाके किंवा घरचे एक कपाट यांच्यासाठी पाण्यात मिसळणारा रंग आणि ब्रश पुरेसा आहे. काम एका दिवसाऐवजी तीन दिवस चालेल. माळ नसलेल्या माणसाला तो सौदा परवडतो.