नाईक यशवंत घाडगे : एका प्रशस्तिलेखाचे वाचन

कोकणात माणगाव दोन आहेत. कुडाळ तालुक्यातील माणगाव हे वासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामी यांचे जन्मस्थान म्हणून मालवण-सावंतवाडी भागात सर्वश्रुत आहे. दुसरे उत्तरेकडील, पूर्वीच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्यातील होय. नाईक यशवंत घाडगे हे या दुसऱ्या माणगावच्या तालुक्यातील पळसगावचे. दक्षिण कोकणातील वाचकाची येथे सहज गल्लत होते, म्हणून हा खुलासा आरंभीच केलेला बरा. तथापि पलटणीच्या दृष्टीने हा भेद फारसा मोठा नव्हता. सावंतवाडीपासून कुलाब्यापर्यंतच्या गावांतून तरुण मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती होत आणि बेळगावच्या केंद्रात शिकून समुद्रापार जात.

घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. ते ज्या ३/५ मराठा पलटणीत होते, तिचा पूर्वावतार म्हणजे मेसोपोटेमियात कुत येथे वेढ्यात सापडलेली व एप्रिल १९१६ मध्ये शरण जावे लागलेली ११० वी मराठा पलटण. दुसऱ्या महायुद्धात याच ३/५ ने १९४१ साली इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर झुंज दिली. त्या वेळी तिचे नेतृत्व करणारे डेनिस रीड पुढे इटलीत दहाव्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती झाले, आणि ही पलटण त्याच डिव्हिजनमध्ये होती.

४ जून १९४४ रोजी रोम पडले. जर्मन सैन्य पळाले नाही. उत्तरेकडील तटबंदी पुरी होईपर्यंत वेळ मिळावा म्हणून प्रत्येक टेकडीवर थोडे थोडे लढत ते मागे सरकत होते. अशा माघारीच्या युद्धात मोजक्या माणसांनिशी नीट बसविलेली एक मशीनगन सबंध कंपनीला अडवून धरते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, चित्ता दि कास्तेल्लोच्या वाटेवर, १० जुलै रोजी नेमके हेच घडले. ते गाव पुढे २२ जुलैला मित्रसैन्याच्या हाती आले.

त्या दिवसाचा वृत्तान्त आपणांस प्रामुख्याने नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटातील प्रशस्तिलेखातून मिळतो. घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मारा झाला व त्यांच्याखेरीज सारे जण ठार वा जखमी झाले. ते एकटेच मोर्चावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा यांस निकामी केले, टॉमी गनने दुसऱ्यास टिपले. मॅगझिन बदलण्यास अवसर नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस ठार केले. नंतर छातीत व पाठीत गोळ्या लागून त्यांनी जिंकलेल्या त्या मोर्चातच प्राण सोडला. वय २२.

या लेखातील क्रियापदांकडे जरा बारकाईने पाहण्याजोगे आहे. धावले, फेकला, झाडली, धरली ही पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दिसणारी क्रियापदे होत. परंतु आपल्या सोबतीस कोणी उरले नाही हे त्यांना ठाऊक होते, असेही लेख सांगतो. हे ‘ठाऊक असणे’ कोणास दिसत नाही. ते कृतीवरून काढलेले अनुमान आहे. अनुमान चुकीचे आहे असे नव्हे. नाईकाला आपल्या माणसांची गणती करावीच लागते. पण शौर्याचा सारा भार लेखाने याच एका क्रियापदावर टाकला आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. शिवाय घाडगे यांच्या तोंडचा एकही शब्द त्यात नाही. ‘नाईक’ हा हुद्दा मात्र आपलाच. सभासदाच्या बखरीतील पायदळात दहा माणसांवर नाईक नेमलेला आढळतो. ब्रिटिश काळातील नाईकाची तुकडीही सुमारे तेवढीच. शतके लोटली, राज्ये बदलली, तरी शब्दाने आपले माप सोडले नाही!

व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीने स्वीकारला. इटलीच्या मोहिमेत हे पदक हिंदी सैन्यातील सहा जणांस मिळाले. त्यांतील दुसरे महाराष्ट्रीय, नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव, युद्धातून परतले व १९८४ पर्यंत जगले. घाडगे यांची समाधी कोठेही नाही. त्यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर, थडगे नसलेल्या चार हजारांवर सैनिकांच्या नामावळीत कोरलेले आहे. माणगावात तहसील कचेरीजवळ त्यांचा पुतळा आहे. टायबर खोऱ्यातील मोन्तोने या गावाने २०२३ च्या जुलैत त्यांच्या नावे एक स्मारक उभारले. ते छायायंत्राच्या, म्हणजे सूर्यघड्याळाच्या, स्वरूपाचे आहे.