स्टॉप द व्ही रिच्युअल

स्टॉप द व्ही रिच्युअल : कंजारभाट समाजातील नववधूच्या कौमार्य चाचणीविरुद्ध त्याच समाजातल्या तरुण-तरुणींनी २०१७ च्या अखेरीस सुरू केलेली मोहीम. तिचा आरंभ एका व्हॉट्सॲप गटातून झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेत तेव्हा शिकणारे विवेक तमायचीकर हे तिचे एक प्रवर्तक. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्याच्या आधारावर विवेक यांनी फेसबुकवर या प्रथेला जाहीर आक्षेप घेतला आणि समविचारी तरुण जमत गेले.

लग्नानंतर नवदांपत्याला पांढरी चादर देऊन खोलीत पाठवतात. टोचेल असे काही जवळ राहू नये म्हणून वधूच्या बांगड्यासुद्धा उतरवून घेतात. मग भरल्या जातपंचायतीत वराला विचारले जाते, ‘माल खरा की खोटा?’ उत्तर ‘खोटा’ आले तर मुलीची मारझोड, दंड, प्रसंगी लग्न मोडणे. चाचणीला वैद्यकीय आधार कसलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयासह तसे स्पष्ट सांगितले आणि अशा चाचण्यांनी स्त्रीच्या शरीराला व मनाला इजा होते, असेही बजावले.

जातपंचायतीची ही ताकद समजून घ्यायची तर मागे जावे लागते. इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत जे समाज जन्मजात गुन्हेगार ठरवले गेले, त्यांत कंजारभाटही होते. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि हे समाज ‘विमुक्त’ म्हणवले जाऊ लागले, पण पोलिसांचा संशय तसाच राहिला. चौकीपेक्षा पंच बरे, हा हिशेब त्यातून पक्का झाला. बाहेरच्यांनी वाळीत टाकलेल्या समाजात आतल्यांनीही वाळीत टाकले, तर माणसाने जायचे कुठे? त्यामुळे मोहिमेतल्या मुलांनी पोलीस ठाण्याची पायरी चढून आपल्याच पंचांविरुद्ध तक्रार देणे ही साधी गोष्ट नव्हती.

याआधीही विरोध झाला होता. कृष्णा इंद्रेकर यांनी १९९६ मध्ये पंचायत डावलून लग्न केले आणि बहिष्कार सोसला. त्यांच्या हाती कायदा नव्हता. नव्या पिढीला तो मिळाला : महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये संमत केला, जुलै २०१७ मध्ये तो अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही सोबतीला होते.

किंमत मात्र लगेच मोजावी लागली. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीच्या भाटनगरात एका लग्नात गटातील तिघांना मारहाण झाली. समाजातील स्त्रियांनीच या तरुणांविरुद्ध पुण्यात मोर्चा काढला. ‘समाजाची बदनामी’ हा त्यांचा आक्षेप होता. विमुक्तांविषयी बाहेर आधीच किती वाईट बोलले जाते हे पाहता तो सरसकट झटकून टाकण्याजोगा नाही, पण चाचणीचे समर्थन त्यातून होत नाही. मे २०१८ मध्ये विवेक आणि त्यांची वाग्दत्त वधू ऐश्वर्या यांनी चाचणी न देता लग्न केले. त्याच वर्षी नवरात्रात ऐश्वर्या दांडिया खेळायला उतरताच गाणी बंद करण्यात आली. मे २०१९ मध्ये अंबरनाथला विवेक यांच्या आजी वारल्या, तेव्हा अंत्ययात्रेला जाऊ नका असे समाजाला सांगण्यात आले आणि त्याच दिवशी जवळच एका लग्नघरी मोठ्या आवाजात गाणी वाजत होती. दांडियाच्या आणि अंत्ययात्रेच्या, दोन्ही प्रसंगी बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हे नोंदले गेले. मारहाणीची जखम भरते. आपल्या माणसाला खांदा द्यायला कोणी न येणे मनातून जात नाही. बहिष्काराचा मानसिक आरोग्यावरील परिणाम तपासताना आपल्याकडे अशा प्रसंगांची दखल क्वचितच घेतली जाते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये तत्कालीन गृहराज्यमंत्री रणजित पाटील यांनी कौमार्य चाचणी लैंगिक अत्याचार मानून दंडनीय ठरवण्याची घोषणा केली. घोषणेने प्रथा संपली नाही. कोल्हापूरच्या दोन बहिणींना लग्नानंतर चाचणीचे कारण देऊन माहेरी धाडण्यात आले आणि पंचायतीने बाभळीची काडी मोडून त्यांचा काडीमोड जाहीर केला. एप्रिल २०२१ मध्ये तिथे फौजदारी गुन्हा दाखल झाला, तोही कुटुंबाने पुढे येऊन तक्रार दिली म्हणून.