खम्ममच्या फॉर्मवर सही कोणाची?

आजचा विषय माझ्या मामेबहिणीने दिलाय. ताई बडोद्याची, तिची लेक अकरा वर्षांची. डॉक्टरांनी एचपीव्हीची लस सुचवली, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर टाळणारी. रात्री ताईचा फोन आला, "अरे, हीच ना ती लस, जिच्यामुळे आपल्याकडे पोरी गेल्या होत्या?"

मी लगेच "छे, अफवा आहे" म्हणणार होतो, पण थांबलो. कारण त्या प्रश्नामागे खरा इतिहास आहे, आणि त्यातला निम्मा तिच्याच जिल्ह्यात घडलाय.

2009 साल. अमेरिकेतल्या पाथ या संस्थेने आयसीएमआर आणि दोन राज्य सरकारांबरोबर एक प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात सुमारे 14 हजार मुली, गुजरातमध्ये वडोदरा जिल्ह्यातल्या डभोई, कवांट, शिनोर भागात सुमारे 10 हजार. वय 10 ते 14. बऱ्याचशा आदिवासी, खम्ममकडच्या कितीतरी आश्रमशाळांच्या वसतिगृहात राहणाऱ्या. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या सात मुली दगावल्या. मार्च 2010 मध्ये दिल्लीचा सामा हा महिला गट भद्राचलमला जाऊन आला, संसदेत आवाज उठला, आणि एप्रिलमध्ये केंद्राने काम थांबवलं.

त्या मुली कशाने गेल्या? चौकशी समितीसमोर आलेली कारणं अशी होती: बुडून, साप चावून, विष पोटात जाऊन, मलेरियाने, तापाने. लसीशी संबंध असण्याची शक्यता समितीला दिसली नाही. ताईच्या प्रश्नाचं सरळ उत्तर एवढंच, आणि मी ते तिला दिलं.

पण त्याच चौकशीत संमतीचे फॉर्म उघडले गेले. आंध्रातल्या 9,543 फॉर्मपैकी 2,763 वर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. आईबापांच्या वतीने मुख्याध्यापकांनी सही करावी, असं सरकारी परिपत्रकच निघालं होतं! आणखी 1,948 फॉर्मवर नुसते अंगठे. आता अंगठा उठवणाऱ्या बाईला काही कळत नाही असं मी मुळीच म्हणणार नाही, पण तिला ते वाचून कोणी दाखवलं, याचा पुरावा अंगठ्यात नसतो. 2013 च्या ऑगस्टमध्ये संसदीय समितीने या सगळ्यावर फार कडक शब्दांत अहवाल दिला.

विचार करा, त्या आयांना लेकीला काही टोचलंय हे कळलं कधी? काहींना पोर सुटीत घरी आल्यावर. अशा बाईने पुढे कुठल्याही लसीकडे संशयाने पाहिलं, तर तिला अडाणी कसं म्हणायचं? आपल्याकडे "आयांमध्ये जागृती नाही" हे वाक्य फार सोयीचं झालंय. खम्ममला आईला विचारलंच नव्हतं.

याच गोष्टीची दुसरी बाजू बार्शीला, पुण्याला सापडते. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा एक वेगळा अभ्यास भारतातल्या अनेक केंद्रांवर चालू होता, त्यात ही दोन गावंही होती. मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे ठरलेले. 2010 च्या आदेशाने तोही थांबला, आणि सुमारे 5 हजार मुली एकाच डोसावर राहिल्या. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. दहा वर्षांनंतरही एक डोस जवळजवळ तितकंच संरक्षण देतो असं दिसलं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागच्या पुराव्यात या मुली आहेत. ठरवून कोणी असा प्रयोग केला नसता.

मधल्या काळात देश जवळपास गप्प होता. दिल्लीने आणि पंजाबच्या दोन जिल्ह्यांनी 2016 मध्ये सुरुवात केली. 2018 मध्ये सिक्कीमने राज्यभर 9 ते 13 वर्षांच्या सुमारे 25 हजार मुलींसाठी शाळांमधून मोहीम घेतली. सरकार आधी शिक्षकांशी, पालकांशी, पत्रकारांशी बोललं, मग सुई काढली. 95 टक्क्यांहून अधिक मुलींनी लस घेतली. तिथल्या आया काही वेगळ्या मातीच्या नव्हत्या.

2023 च्या जानेवारीत पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक बाजारात आली, किंमत पूर्वीपेक्षा उतरली. आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो, हेही ताईला सांगितलं.

ती म्हणाली, "बरं, पण आत्ताच कशाला? लग्न ठरलं की देऊ." हा प्रश्न मला जास्त अवघड वाटला, कारण त्याच्या आत एक न बोललेला प्रश्न होता. मी म्हटलं, "हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. लस त्याच्याआधी दिली तरच पुरती लागू पडते, एकदा शिरलेल्या विषाणूला ती बाहेर काढत नाही. आणि लहान वयात शरीर तिला प्रतिसादही चांगला देतं. पोरीच्या वागण्याशी याचा काही संबंध नाही गं, पोलिओचा डोस दिलास तेव्हा तू असं विचारलं होतंस का?"

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हिच्या आजीला काय सांगू?"

त्यावर आमचं आणखी अर्धा तास बोलणं झालं. शेवटी ठरलं की आजीलाच डॉक्टरांकडे बरोबर न्यायचं, आणि तिचे प्रश्न तिनेच विचारायचे.