मौनाला होकार समजणारी सत्ता

हुकूमशहा केवळ बंदुकीच्या बळावर राज्य करतो, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. ती सोयीची आहे. कारण तीत सारा दोष राज्यकर्त्याच्या माथी जातो आणि प्रजा निर्दोष सुटते. इतिहासाची साक्ष निराळी आहे. वसईपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्तसभेचा ज्या पोर्तुगालशी चारशे वर्षांहून अधिक काळ संबंध राहिला, त्या देशात विसाव्या शतकात सालाझार यांची हुकूमशाही छत्तीस वर्षे टिकली. ती कशी टिकली, हे ख्रिस्ती वाचकाने विशेषकरून जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते; कारण तिच्या आधारस्तंभांपैकी एक ख्रिस्तसभेचा होता.

प्रथम जखम समजून घेतली पाहिजे. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. नव्या सरकारने संन्यस्त संघांना देशाबाहेर घालविले, ख्रिस्तमंदिरांची मालमत्ता ताब्यात घेतली आणि विरोध करणाऱ्या महागुरूंना हद्दपार केले. तशात सोळा वर्षांत सुमारे पंचेचाळीस मंत्रिमंडळे आली आणि गेली. खजिना रिता झाला. १९२६ साली लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा सामान्य माणसाने सुटकेचा निःश्वास टाकला. लोक स्वातंत्र्याला विटले नव्हते; ते अनागोंदीला विटले होते. परंतु अशा वेळी हा भेद कोण करीत बसतो?

आंतोनियो द ऑलिव्हैरा सालाझार हे साध्या ग्रामीण कुटुंबातले. त्यांनी विझेऊच्या गुरुविद्यालयात शिक्षण घेतले, पण धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली नाही. पुढे कोइंब्रा विद्यापीठात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२८ साली अर्थमंत्री होताच त्यांनी अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी करून दाखविली. १९३२ साली ते पंतप्रधान झाले. त्यांच्या राहणीत डामडौल नव्हता. देव, देश आणि कुटुंब ही त्यांची त्रिसूत्री होती. या तीन शब्दांना कोणता श्रद्धावंत नकार देईल?

१९ मार्च १९३३ रोजी त्यांच्या नव्या राज्यघटनेवर सार्वमत झाले. त्या वेळी मतदानाला न आलेल्यांची गणनाही अनुकूल मतांत करण्यात आली. आमच्या मते त्या राजवटीचे सारे मर्म या एका हिशेबात आहे. जो बोलला नाही, त्याचाही होकार धरला गेला.

ख्रिस्तसभेची कृतज्ञता १९४० साली पुरी झाली. त्या वर्षीच्या ७ मे रोजी व्हॅटिकन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. सरकारी शाळांतून धर्मशिक्षणाला वाव मिळाला आणि ख्रिस्तमंदिरात लागलेल्या विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. त्याच दिवशीच्या दुसऱ्या करारान्वये वसाहतींतील मिशनकार्याला सरकारी अनुदान मिळाले. मात्र तेथील महागुरू पोर्तुगीज नागरिकच असावेत, अशी अट आली. लिस्बनचे कार्डिनल सेरेजैरा हे तर सालाझार यांचे कोइंब्रातील जुने स्नेही.

आमच्या अर्जुनी मोरगावच्या परिसरात मालगुजारी तलाव पुष्कळ आहेत. मालगुजारी १९५१ साली गेली. परंतु त्या व्यवस्थेने शिकविलेला धडा विसरण्यासारखा नाही. तलावाचे तोंड ज्याच्या हाती, त्याच्यापुढे तोंड उघडणे कठीण. पाणी तो खरोखरच देतो, म्हणून उपकाराची भावना खोटी नसते. आणि पाणी तो तोडू शकतो, म्हणून धाकही खोटा नसतो. सालाझार यांनी ख्रिस्तसभेला जे दिले ते खरे होते. ते परत घेता येईल, ही जाणीवही तितकीच खरी होती. या दोहोंतून मौन जन्मास आले.

हेच यंत्र गोव्यात चालले. १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांस दुय्यम ठरविले. विधिमंडळात लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांनी स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. तो लिस्बनने मानला नाही. लग्नपत्रिकादेखील छापण्यापूर्वी तपासनिसाला दाखवावी लागे. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांना आठ वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात धाडण्यात आले. १९५५ साली भारताने आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा सरकारने ब्रह्मदेशाचा तांदूळ, हॉलंडचे बटाटे आणि जपानचे सिमेंट आणविले. लोहखनिजाच्या निर्यातीने पैसाही खेळू लागला. भरल्या ताटावर बसलेल्यास तुरुंगातील माणसाची आठवण क्वचितच होते.

जोडीला भीती होतीच. भारत आला तर तुमचा धर्म बुडेल, असे भोळ्या भाविकांच्या मनावर बिंबविले जाई. वस्तुतः जुलै १९५५ मध्ये पंडित नेहरू पोप बारावे पायस यांना रोममध्ये भेटले, तेव्हा गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे, यावर दोघांचे एकमत झाल्याचे नेहरूंनी सांगितले होते. परंतु जेथे वृत्तपत्रे तपासनिसाच्या हाती, तेथे अशी वार्ता किती घरांत पोहोचणार?

मौन सर्वांनीच पाळले असे नव्हे. १९५८ साली पोर्तोचे महागुरू आंतोनियो फेरैरा गोमिश यांनी सालाझार यांना पत्र लिहून गरिबांचे हाल आणि राजकीय स्वातंत्र्याचा अभाव यांकडे लक्ष वेधले. पुढील वर्षी ते परदेशी गेले असता त्यांना परत येण्यास मज्जाव झाला. दहा वर्षे त्यांनी वनवास भोगला. करारात ख्रिस्तसभेला मिळालेले स्वातंत्र्य किती खोल होते, हे त्या एका पत्राने उघड केले: स्तुतीला मुभा होती, सत्याला नव्हती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. धर्म बुडाला नाही. ख्रिस्तमंदिरांतील घंटा वाजत राहिल्या. १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही, हे गोमंतकीयांना प्रत्यक्ष विचारण्यात आले. ३४,०२१ मतांच्या आधिक्याने त्यांनी विलीनीकरण नाकारले. आम्हा मराठी भाषकांतील अनेकांस तो निर्णय रुचला नाही, परंतु तो पाळला गेला. ज्या प्रजेचे मौन होकारात जमा होत होते, तिचा नकार येथे नकार म्हणूनच मोजला गेला. दोन राजवटींतील अंतर याहून अधिक स्पष्ट कसे दाखवावे?

शमुवेलाच्या काळी इस्राएल लोकांनी इतर राष्ट्रांसारखा राजा मागितला. तो तुमची मुले, शेते व कळप घेईल, असे संदेष्ट्याने बजावले. तरीही त्यांनी हट्ट सोडला नाही. शत्रूचे भय खरे होते, आणि म्हणूनच इशारा ऐकू आला नाही. जो कोणी आपल्या खऱ्या जखमेवर औषध घेऊन येतो, त्याचे आभार मानावेत. परंतु त्या औषधाची किंमत शेजाऱ्याचा तुरुंगवास आहे काय, हेही त्याच वेळी विचारावे. हा प्रश्न विचारणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. शासनाकडून शाळेला अनुदान, संस्थेला जागा वा समाजाला सवलत मिळते तेव्हा आपल्या धर्मग्रामांतही तो विचारला जावा. आपण गप्प राहिलो, तर आपले मत कोणाच्या बाजूला मोजले जाईल, हे १९३३ सालानेच सांगून ठेवले आहे.